बाटलीतले फळ

आमच्या बेळगावकडील धर्मग्रामात हल्ली घरोघरी एका काळसर रसाची बाटली दिसू लागली आहे. नाव नोनी. सांधेदुखीपासून मधुमेहापर्यंत सर्व व्याधींवर ती चालते, असे विकणारे सांगतात. पुष्कळ वाचकांना कल्पना नसेल, पण ही नोनी म्हणजे घाट उतरल्यावर गोव्याच्या किनाऱ्यावर आढळणारी आपली बारतोंडी होय. हिच्या मुळांपासून पूर्वी ‘आल’ नावाचा तांबडा रंग काढीत. फळाला मात्र आपल्या लोकांनी फारसे जवळ केले नाही, कारण पिकल्यावर त्याला नासक्या चीजसारखा दर्प सुटतो. तेच फळ ताहिती बेटाची कीर्ती लेवून बाटलीतून आले, की आठवड्याच्या भाजीफळांचे पैसे आपण आनंदाने मोजतो!

केवळ पैशाचा प्रश्न असता, तर आम्ही लेखणी उचलली नसती. आमच्या येथील एका मावशींची मूत्रपिंडे अधू आहेत. शहाळे, केळी व संत्र्याचा रस डॉक्टरांनी त्यांना वर्ज्य सांगितला आहे. कारण या पदार्थांत पोटॅशियम पुष्कळ, आणि अधू मूत्रपिंडांना ते पुरेसे बाहेर टाकता येत नाही. ते रक्तात साचले म्हणजे हृदयाचे ठोके बिघडतात, प्रसंगी हृदय बंदही पडते. मावशी पथ्य काटेकोर पाळीत. परंतु मुलाने प्रेमाने आणलेली नोनी रोज सकाळी घेत. “फादर, ते फळ कुठे? ते तर औषध!” असे त्या म्हणाल्या. वस्तुतः नोनीच्या रसात पोटॅशियम जवळजवळ संत्र्याच्या रसाइतकेच असते. अमेरिकेतील अशाच एका रुग्णाची हकीकत २००० साली वैद्यकीय नियतकालिकात आली होती. आम्ही मावशींना बाटलीसह डॉक्टरांकडे धाडले. रक्तातील पोटॅशियम वाढलेले निघाले व बाटली बंद झाली.

अशा पूरक पदार्थांच्या वेष्टनावर ‘औषधी उपयोगासाठी नाही’ अशा अर्थाची सूचना छापणे आपल्या देशात बंधनकारक आहे. ती इंग्रजीत असते, म्हणून घरातील शिकत्या मुलाकडून वाचून घ्यावी. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने असते; तीत प्रथम पाणी वा साखर आली, तर आपण कशाचे पैसे देतो ते उमगते.

सरसकट सर्वच पूरके टाकाऊ, असे आमचे म्हणणे नाही. दात नसलेल्या वृद्धाने आवळ्याचे चूर्ण घेतले, तर त्यात वावगे काय? ज्याला चावता येते, त्याने मात्र हंगामात आवळाच खावा. संत्र्याच्या कितीतरी पट क जीवनसत्त्व त्यात असते. गरोदर भगिनींना डॉक्टर ज्या लोहाच्या गोळ्या देतात, त्यांची गोष्ट निराळी. त्या चुकवू नयेत.

आता विकणाऱ्याविषयी. तो आमच्याच गायनवृंदातील तरुण, नोकरी गेलेला. त्याच्यावर रागावणे आम्हांस जमले नाही. मूत्रपिंडाचा विकार आहे काय, रक्तदाबाच्या गोळ्या चालू आहेत काय, एवढे आधी विचारीत जा, असे आम्ही त्याला सांगितले. कारण त्यांतील काही गोळ्यांनीही पोटॅशियम वाढते. तो आता विचारतो. विक्री निम्म्यावर आली, असे परवा म्हणाला. त्याच्यासाठी एका बेकरीत आमचे बोलणे चालू आहे.