अभयाची दीपावली : हिंगोली ते शिरड शहापूर

दिवाळीतील हिंगोली पाहावी ती संथ चालणाऱ्या मोटारीतून. कयाधू नदीकाठचे हे शहर 1 मे 1999 रोजी परभणीतून वेगळ्या झालेल्या जिल्ह्याचे मुख्य ठिकाण. येथील दसरा महोत्सवाला दीड शतकाहून अधिक परंपरा आहे. रामलीला मैदानावरची ती गर्दी ओसरते न ओसरते तोच बाजारपेठ आकाशकंदिलांनी भरू लागते. चतुर्दशीच्या संध्याकाळी गांधी चौकातून निघालेल्या वाहनाला दुतर्फा दिव्यांच्या माळा, उंबरठ्यावरच्या पणत्या आणि दाराशी रेखलेल्या रांगोळ्या सोबत करतात.

मोटारीत बसून रोषणाई पाहण्याची रीत दूरदेशीही आहे. अमेरिकेतील कॅलिफोर्नियात आल्टाडेना या गावी एका रस्त्यावरील उंच देवदारांना 1920 पासून नाताळात दिव्यांनी सजवले जाते आणि मोटारी आपले दिवे मंद करून त्यांच्यामधून हळूहळू जातात. देवदार हा वृक्ष मूळचा हिमालयाचा. तेथील प्रकाशाचे वैशिष्ट्य असे की, तो डोळ्यांना दिसतो, कानांवर आदळत नाही. आपल्याकडे मात्र दिव्याच्या जोडीला फटाका आला आणि काही जीवांसाठी दीपोत्सव हा भयाचा काळ ठरला.

हिंगोलीतील एका श्रावक-कुटुंबाला याचा अनुभव दरवर्षी येतो. आजोबा, आजी, मुलगा, सून, दोन नातवंडे आणि मोती नावाचा कुत्रा असा हा परिवार. पहिला बार उडाला की मोती पलंगाखाली शिरतो आणि अन्नाला तोंड लावत नाही. माणसाला सुमारे 20,000 हर्ट्‌झपर्यंतचा ध्वनी ऐकू येतो. कुत्र्याची श्रवणमर्यादा 45,000 हर्ट्‌झच्या आसपास पोहोचते. आपल्या कानाला न जाणवणारे ध्वनीही त्याच्यापर्यंत येतात आणि त्यांचे कारण त्याला कोणी सांगू शकत नाही.

निर्वाण लाडूसाठी शिरड शहापूरला जाण्याचा या घराचा नेम. मोतीला कुलूपबंद घरात एकटे ठेवावे, तर त्याचे हाल. कोणी मागे थांबावे, तर नेम मोडतो. यंदा नातीनेच आजोबांना विचारले, “आजोबा, मोतीला सोबत नेलं तर? मी त्याच्याजवळ बसेन.” आजोबा म्हणाले, “नेऊ या. मंदिराबाहेर आपण आळीपाळीनं थांबू.”

सूर्यास्तापूर्वी जेवणे आटोपून मोटार निघाली. काचा बंद होत्या. शहरातील रोषणाई पाहताना मुले हरखली. मोती मात्र आसनाखाली अंग चोरून थरथरत होता. औंढ्याचा रस्ता लागला, घरे विरळ झाली आणि आवाज मागे पडले. अंधारात दूरच्या वस्तीवर एखादा आकाशकंदील तेवढा दिसे. काही वेळाने मोती वर आला आणि काचेला नाक लावून बाहेर पाहू लागला. त्या रात्रीची दिवाळी त्याच्यासाठी तेथे सुरू झाली.

औंढा नागनाथ हे ज्योतिर्लिंगाचे क्षेत्र म्हणून सर्वश्रुत आहे. याच तालुक्यात गुरुत्वीय लहरींचा वेध घेणारी ‘लायगो-इंडिया’ ही वेधशाळा उभी राहत आहे. केंद्र सरकारने 2023 मध्ये तिच्या उभारणीस मंजुरी दिली. परस्परांना काटकोनात असलेल्या, प्रत्येकी 4 किलोमीटर लांबीच्या दोन भुजांमधून तेथे लेसर किरण धावतील. जमिनीच्या बारीकशा कंपनानेही अशा मापनात व्यत्यय येतो. म्हणून शांत परिसर हवा. प्रकाश आणि शांतता यांची सोबत विज्ञानालाही आवश्यक वाटते, हे या रस्त्यावरून जाताना सहज ध्यानात येते.

औंढ्याहून वसमतकडे जाणाऱ्या मार्गावर शिरड शहापूर लागते. येथील दिगंबर जैन अतिशय क्षेत्रात एकोणिसावे तीर्थंकर भगवान मल्लिनाथांची अर्धपद्मासनस्थ मूर्ती विराजमान आहे. ती नांदेड जिल्ह्यातील अर्धापूरहून येथे आणली गेली, अशी परंपरा सांगते. देशाच्या निरनिराळ्या भागांतून भाविक तिच्या दर्शनाला येतात. कुटुंबाने रात्रीचा मुक्काम नातेवाइकांकडे केला.

अमावास्येच्या पहाटे निर्वाण लाडू चढवला गेला. पावापुरीला याच तिथीस भगवान महावीर मोक्षास गेले. इ.स. 783 मध्ये पूर्ण झालेल्या आचार्य जिनसेनांच्या ‘हरिवंशपुराणा’त त्या प्रसंगी पावानगरी दीपमालांनी उजळल्याचे वर्णन आहे. जैन दीपावलीचे मूळ या निर्वाणस्मरणात आहे. ज्यांनी जीवमात्राला अभय दिले, त्यांच्या स्मरणार्थ लावलेल्या दिव्याशेजारी एखाद्या मुक्या जीवाचा थरकाप व्हावा, हे त्या स्मरणाशी विसंगतच होय.

बाहेर पारीवर मोतीजवळ आधी सून बसली, मग मुलगा. आत नातीला आजी जीवंधरकुमाराची कथा सांगत होत्या. लोकांनी मारहाण केल्याने मरणासन्न झालेल्या एका कुत्र्याच्या कानात जीवंधराने णमोकार मंत्र म्हटला. तो कुत्रा मरून सुदर्शन नावाचा यक्ष झाला आणि उपकार स्मरून आयुष्यभर त्याच्या साहाय्याला आला. आचार्य समंतभद्रांनीही ‘रत्नकरंड श्रावकाचारा’त म्हटले आहे की, धर्मामुळे कुत्रा देव होतो आणि पापामुळे देव कुत्रा होतो. देहाच्या आकारावरून जीवाची योग्यता ठरवू नये, हे आपल्या आचार्यांनी कुत्र्याचेच उदाहरण देऊन शिकवले.

श्रावकाच्या चार दानांत आहार, औषध आणि ज्ञान यांच्याबरोबर अभयदानही येते. दिवाळीत आपण फराळाची ताटे शेजारी पोहोचवतो, गरजूंना वस्त्रे देतो. अभयदानाला तर पैसाही लागत नाही. फटाका आणायचा नाही. घरातील प्राण्यासाठी एक आतली, दारे-खिडक्या लावलेली खोली राखायची. भेदरून अंगणात आलेल्या भटक्या कुत्र्याला हाकलायचे नाही. उघड्या ज्योतीवर पतंग झेपावू नयेत म्हणून ती काचेच्या आवरणात ठेवायची. एवढे केले, तरी त्या दारी आलेला कोणताही जीव निर्भयपणे विसावू शकेल.