हुलहुलेबद्दल बदललेलं मत

छत्रीधारी सैनिक म्हटलं की मला टांगाइलच आठवायचं. ११ डिसेंबर १९७१ ला उतरत्या दुपारी आकाशातून उतरलेली २ पॅरा, म्हणजे मूळची मराठा लाइट इन्फन्ट्रीची तिसरी पलटण. पुंगली पुलाचा ताबा. आणि पाच दिवसांनी ढाक्यात शिरणाऱ्या पहिल्या तुकड्यांत हीच पलटण. रायपुरात आम्ही तात्यापाऱ्यातली माणसं, नागपूरकर भोसल्यांशी नातं सांगणारी. ‘मराठा’ ऐकलं की छाती फुगायची. त्यात माना कॅम्प शहरालगतच, तिथल्या पूर्व बंगालच्या निर्वासितांमुळे टांगाइल, ढाका ही गावं आम्हाला परकी वाटत नसत.

त्यामानाने १९८८ ची मालदीवमधलं बंड मोडण्याची मोहीम, ऑपरेशन कॅक्टस, मला अगदीच किरकोळ वाटे. आग्र्याहून दोन आयएल-७६ विमानं निघाली, हुलहुले विमानतळावर सरळ उतरली, कोणी अडवलं नाही. उडी नाही, चकमक नाही, मग पराक्रम कसला? असं मी चारचौघांत बोलतही असे.

हे मत डळमळलं ते कीवजवळच्या होस्टोमेलमुळे. २४ फेब्रुवारी २०२२ ला रशियन सैनिक हेलिकॉप्टरमधून तिथल्या विमानतळावर उतरले आणि काही तासांत त्यांनी तो घेतलाही. त्यांच्या मागोमाग मोठी कुमक आयएल-७६ मधूनच यायची होती. युक्रेनच्या तोफांनी धावपट्टीवर मारा केला, प्रतिहल्ला झाला, आणि ती विमानं उतरलीच नाहीत. दुसऱ्या दिवशी जमिनीवरून आलेल्या फौजेने विमानतळ पुन्हा घेतला, पण धावपट्टी तेव्हा कामाची राहिली नव्हती.

मग जुन्या लढाया मी वेगळ्या नजरेने वाचायला घेतल्या. छत्रीधारी सैनिकाकडे अंगावर मावेल तेवढाच दारूगोळा असतो, जड तोफा नसतात. त्यामुळे टॉवर घ्यायचा, धावपट्टीची दोन्ही टोकं धरायची, आडवे लावलेले ट्रक नि पिंपं बाजूला सारायची, हा कामाचा सोपा अर्धा भाग. अवघड असतं ते भोवतालच्या टेकड्या आणि रस्ते हातात ठेवणं, कारण शत्रूची उखळी तोफ तिथून धावपट्टीवर मारा करू शकते. क्रीट बेटावरच्या मालेमे विमानतळावर मे १९४१ मध्ये हेच झालं. जर्मन छत्रीधारी पहिल्या दिवशी भाजून निघाले होते. पण शेजारची १०७ क्रमांकाची टेकडी धरून बसलेली न्यूझीलंडची पलटण, आपल्याच कंपन्यांशी संपर्क तुटल्याने, रात्री मागे सरली. दुसऱ्या दिवशी तोफगोळे पडत असतानाच जर्मन विमानं पहाडी सैनिक घेऊन उतरू लागली. मोडलेली विमानं बाजूला ढकलायची नि पुढचं उतरवायचं, असं चाललं. आमच्या रायपूरच्या विमानतळावर ऑगस्ट २०१५ मध्ये बांगलादेशातल्या एका कंपनीचं विमान बिघाड होऊन उतरलं आणि वर्षानुवर्षं पडून राहिलं. शांततेच्या काळात त्याची चर्चा थकलेल्या पार्किंगभाड्यापुरती! लढाईत असं धूड धावपट्टीच्या मधोमध पडलं तर मागून येणाऱ्यांचा जीव टांगणीला लागतो.

बडगामही मला तेव्हाच नीट समजलं. २७ ऑक्टोबर १९४७ ला श्रीनगरला डाकोटा उतरल्या, हे शाळेत शिकलो होतो. पण ३ नोव्हेंबरला विमानतळाजवळच्या बडगामला मेजर सोमनाथ शर्मांची ४ कुमाऊंची कंपनी कित्येक पट टोळीवाल्यांसमोर तासन्‌तास उभी राहिली, म्हणून त्या विमानतळावर पुढची विमानं उतरू शकली. शर्मांचा डावा हात प्लास्टरमध्ये होता. ते तिथेच पडले. पहिलं परमवीर चक्र त्यांचं.

आता पुन्हा हुलहुले. ३ नोव्हेंबर १९८८. बंडखोर माले शहरात घुसले, पण समोरच्या बेटावरचा विमानतळ त्यांनी ताब्यात घेतला नाही. उडी मारावी तर बेट इतकं अरुंद की वाऱ्याने माणसं समुद्रात जायची. म्हणून थेट उतरायचं ठरलं. सुट्टीवर दिल्लीत असलेले आपले राजदूत ए. के. बॅनर्जी माहिती द्यायला विमानात बसले. ग्रुप कॅप्टन अनंत बेवूर यांनी पहिलं विमान रात्रीच्या काळोखात उतरवलं, तेव्हा धावपट्टी आपली आहे की शत्रूची, हे दिल्लीतही कोणी छातीठोकपणे सांगू शकत नव्हतं. मागोमाग दुसरं उतरलं. ६ पॅराच्या जवानांनी बेट ताब्यात घेतलं, मिळतील त्या नावांतून माले गाठलं, आणि उजाडण्याआधी राष्ट्राध्यक्ष गयूम सुरक्षित होते. बंडखोर ज्या जहाजावरून पळाले, ते नौदलाने गाठलं आणि ६ नोव्हेंबरला ते शरण आले.

कोणी अडवलं नाही, हे खरं. ते कळलं मात्र उतरल्यावर. आमच्या मंडळींना रुचणार नाही, पण आज विचाराल तर मी हुलहुले पहिलं ठेवीन आणि टांगाइल दुसरं.