माणसं वरच्या मजल्यावर आहेत

दि मॉइनला येऊन आज सहा आठवडे झाले. (स्पेलिंगमध्ये दोन्ही शब्दांच्या शेवटी एस आहे आणि दोन्ही मुके. विमानतळावर टॅक्सीवाल्याला मी खणखणीत आवाजात 'डेस मॉइन्स' म्हणालो. बिचारा काही बोलला नाही.) आयोवा राज्याची ही राजधानी, पण २०२० च्या जनगणनेत लोकसंख्या सव्वादोन लाखांच्याही आत. आमचं सांगली-मिरज-कुपवाड २०११ सालीच पाच लाखांवर होतं!

घर डाउनटाउनमध्येच घेतलं. म्हटलं, गाडी नाही, बायको आल्यावर तिलाही सगळं पायी जवळ. निघण्याआधी तिला इंटरनेटवरचे फोटो दाखवले होते, कोर्ट अॅव्हेन्यूवर भरणाऱ्या शनिवारच्या बाजाराचे. मक्याची कणसं, फुलं, गिटार वाजवणारी पोरं, मुंगीला पाय ठेवायला जागा नाही. तो बाजार मे ते ऑक्टोबर एवढाच भरतो, हे मात्र मी काही तिला सांगितलं नाही.

पहिल्या रविवारी बाहेर पडलो. जानेवारी, उणे १८. नाकातले केससुद्धा गोठतात हे तेव्हा कळलं. लोकस्ट स्ट्रीटवरून नदीच्या दिशेने चालत गेलो. समोर पलीकडच्या टेकडीवर कॅपिटॉलचा सोन्याचा घुमट, खराखुरा सोन्याचा वर्ख लावलेला, उन्हात नुसता झळकत होता. आणि रस्त्यावर? चाळीस मिनिटांत तीन माणसं आणि एक कुत्रं. गाडी नसतानाही सिग्नल आपला इमानेइतबारे लाल-हिरवा होतोय. उत्साहाने बायकोला व्हिडिओ कॉल लावला. तिने दोन मिनिटं पाहिलं आणि विचारलं, "अरे, माणसं कुठायत?"

मला उत्तर देता आलं नाही. थंडीमुळे बोलता येत नाही असं सांगून फोन ठेवला.

उत्तर सोमवारी मिळालं. टीममधला एक जण जेवायला घेऊन गेला, कोट न घालता! इथे इमारती दुसऱ्या मजल्यावर काचेच्या बंद पुलांनी एकमेकींना जोडल्यात. त्याला स्कायवॉक म्हणतात. सगळे मिळून सहा किलोमीटरच्या वर भरतात. १९८० च्या दशकापासून एकेक पूल जोडत गेले. ऑफिस, बँका, पार्किंग, हॉटेलं, सगळं आतल्या आत. आणि तिथे, मंडळी, माणसं होती! नुसत्या शर्टावर, हातात कॉफी, एकमेकांना हाय-हॅलो करत.

आयडिया झकास आहे, पण खालच्या रस्त्याचं काय? हायवेचा बायपास झाल्यावर जुन्या रस्त्यावरच्या चहाच्या टपऱ्यांचं जे होतं, तेच. आणि २०२० नंतर निम्मं पब्लिक घरून काम करतंय, त्यामुळे वरच्याही कितीतरी दुकानांवर 'भाड्याने देणे आहे'च्या पाट्या. शनिवार-रविवारी तर वरही शुकशुकाट.

हा टीममधला माणूस इथलाच. त्याने १९९३ चा पूर सांगितला. तेव्हा तो बारा वर्षांचा होता. जुलैत रॅकून नदीचं पाणी थेट जलशुद्धीकरण केंद्रात शिरलं आणि अडीच लाख लोकांच्या नळाला बारा दिवस पाणी नाही. चहूकडे पाणी आणि हे बादल्या घेऊन टँकरच्या रांगेत! मी मोबाईल काढून ऑगस्ट २०१९ ची आमची गल्ली दाखवली. आयर्विन पुलाजवळ पातळी ५७ फुटांवर, आणि दारातून बोट चाललीय. तो फोटोकडे बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, "बादल्या तुमच्याकडेही लागल्या असतील." सहा आठवड्यांत इथे मारलेली ही पहिली खरी गप्पा. असो.

लायब्ररीबद्दल वेगळं लिहायला हवं. २००६ ची इमारत, डेव्हिड चिपरफील्ड या ब्रिटिश आर्किटेक्टची. काचांच्या मध्ये तांब्याची जाळी आहे. बाहेरून अख्खी इमारत तांब्याची वाटते, आतून मात्र समोरची बाग स्वच्छ दिसते. बागेत नुसत्या रोमन अक्षरांचा, गुडघे पोटाशी घेऊन बसलेला एक पांढरा पुतळा आहे. त्याच्या पोटात शिरता येतं. मी शिरलो. बर्फच बर्फ होता :-)

काल बायकोला फोनवर सगळं खरं सांगितलं. बाजार मेपासून. रस्ते रिकामे. किराणा पायी जवळ. लायब्ररी चांगली. ती मिरजेत फिजिओथेरपिस्ट आहे, दिवसाला पंधरा-वीस पेशंट. इथे एच-४ वर तिला लगेच नोकरी करता येणार नाही. आता १ तारखेच्या आत नोटीस दिली, तरच एप्रिलचं तिकीट काढता येईल.

ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "मी दिवसभर त्या काचेच्या पुलावर येरझाऱ्या घालू का रे?"

मी म्हटलं, "मे पर्यंत."

हसली थोडीशी. राजीनाम्याचं पत्र टाईप करून ठेवलंय म्हणाली. पाठवलेलं नाही.