बिऱ्हाड मांडायचे कुठे?

‘खोली मिळेल का?’ या प्रश्नाला आमच्या भागात ‘हो’ किंवा ‘नाही’ असे उत्तर क्वचितच मिळते. समोरून तीन प्रश्न येतात. कुठले तुम्ही? कुणापैकी? आणि घरात माणसं किती? पहिल्या प्रश्नाने गाव कळते, दुसऱ्याने आडनाव आणि आडनावाआडची जात, तिसऱ्याने पाण्याचा अंदाज बांधता येतो. तिन्ही उत्तरे मालकाच्या मनासारखी निघाली, तरच भाड्याचा आकडा निघतो. हिंगोली जिल्ह्यातल्या औंढा नागनाथ तालुक्यातले जवळा बाजार हे नावातच बाजार मिरवणारे गाव आहे. इथे कृषी उत्पन्न बाजार समिती आहे आणि आसपासच्या खेड्यांचा माल इथे उतरतो. अशा गावात बाहेरून येणाऱ्या माणसाला परवडेल असे भाड्याचे छप्पर असावे की नसावे, याबद्दल मला काही म्हणायचे आहे. माझ्या मते शेजाऱ्यापाजाऱ्यांचे बरेचसे आक्षेप खरे आहेत. फक्त त्यांची तक्रार चुकीच्या दारात जाते. जो जाब ग्रामपंचायतीला विचारायचा, तो भाडेकरूला विचारला जातो आणि भाडेकरू गेला की प्रश्न सुटला असे सगळ्यांना वाटते.

आधी भाड्याने राहणारा कोण, ते नीट पाहू. ‘बाहेरचे’ म्हटले की डोळ्यांसमोर कुणीतरी अनोळखी, बिनभरवशाचा माणूस उभा राहतो. प्रत्यक्षात बाजारगावात भाड्याने राहतो तो हमाल, मुनीम, गॅरेजवरचा पोरगा, बँकेतला नवा कारकून, आरोग्य केंद्रातली परिचारिका, शाळेवर बदलून आलेला गुरुजी आणि खेड्यातून अकरावी-बारावीसाठी आलेली मुले. सोयाबीन, तूर, हरभरा आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी हळद, या मालाबरोबर माणसांची ये-जा चालते. हळदीचेच घ्या. काढणी, शिजवणी, वाळवण, पॉलिश आणि मग पोत्यांची चढउतार, अशी कामे फेब्रुवारीपासून मेपर्यंत ओळीने येतात, आणि घरच्या माणसांनी ती उरकत नाहीत. या लोकांच्या वाट्याला येणारी खोली डोळ्यांसमोर आणा. दुकानामागे दहा बाय दहाची जागा, वर पत्रा, दारातच मोरी, एका कोनाड्यात देव आणि दुसऱ्यात मोबाइलचा चार्जर, आणि खिडकी म्हणून भिंतीत दोन विटा काढून ठेवलेली फट. एप्रिलमध्ये पत्रा असा तापतो की दुपारी आत बसवत नाही. माणसे लिंबाच्या सावलीत जातात आणि आल्यागेल्याला वाटते, हे रिकामटेकडे इथे बसून काय करतात? खोली धड नसल्यामुळे माणूस रस्त्यावर दिसतो, आणि रस्त्यावर दिसला म्हणून त्याला खोली मिळत नाही.

हा प्रश्न फक्त मजुरांचा नाही, हे ‘मुख्यालयी’ राहण्याच्या वादाने दाखवून दिले. गंगापूरचे आमदार प्रशांत बंब यांनी २०२२ मध्ये विधानसभेत विचारले की, शिक्षक नेमणुकीच्या गावी राहत नाहीत, तरी घरभाडे भत्ता कसा घेतात? त्यावरून राज्यभर शिक्षक संघटना आणि आमदार आमनेसामने आले. त्याआधी २०१९ मध्येच, कर्मचारी गावात राहतो असा ग्रामसभेचा ठराव जोडण्याची अट शासनाने घातली होती. बंब यांच्या प्रश्नात तथ्य होते, यात शंका नाही. पण खेड्यात राहण्याजोगे भाड्याचे घर आहे का, हा शिक्षकांचा उलट प्रश्नही तितकाच खरा होता. त्या गदारोळात दोन्ही बाजूंनी भत्त्याचा हिशोब मांडला. घरांची मोजदाद कुणी केली नाही. लहान गावांसाठी हा भत्ता मूळ वेतनाच्या आठ ते दहा टक्के, म्हणजे महिन्याला काही हजार. भाडे द्यायला सरकारी पैसा आहे, राहायला माणूस आहे, गावाचीही मागणी आहे की गुरुजींनी इथेच राहावे. नाही ते घर. मग गुरुजी परभणीहून किंवा हिंगोलीहून दुचाकीवर येजा करतात, आणि त्यांच्या पगारातला किराणा, दूध आणि भाडे शहरातल्या दुकानदाराच्या गल्ल्यात जाते. गावाला ठरावावरची सही अडवता येते, पण ठरावाने भिंती उभ्या राहत नाहीत.

आता आक्षेपांकडे येतो. सगळ्यांत वजनदार आक्षेप पाण्याचा. गल्लीत आधीच पाणी दिवसाआड येते, त्यात आणखी सहा बिऱ्हाडे आली तर आम्ही काय प्यायचे? मराठवाड्यात हा प्रश्न विचारणाऱ्याला कुणी आपमतलबी म्हणू नये. पण गणित करून पाहा. जल जीवन मिशनने माणशी दिवसाला ५५ लिटर पाणी धरले आहे. पाच जणांच्या घराला २७५ लिटर लागतात. त्याच वाड्यात तीन-तीन माणसांची सहा बिऱ्हाडे ठेवली तर १८ माणसांना ९९० लिटर लागतील. योजना मोजते नळजोडणी, आणि वाड्याला तोटी बहुधा एकच. घरपट्टी ठरते इमारतीच्या मूल्यावर, आत किती चुली पेटतात त्यावर नाही. ग्रामपंचायतीला वित्त आयोगाचा निधी येतो त्यात लोकसंख्येला सर्वाधिक वजन आहे, आणि ती लोकसंख्या २०११ च्या जनगणनेची. २०२१ ची जनगणना झालीच नाही. ती २०२७ वर गेली. म्हणजे दहा वर्षांपूर्वी गावात आलेला हमाल पाणी पितो, पण कागदावर तो अजून त्याच्या मूळ खेड्यात आहे. त्याच्या नावाचा निधी तिकडे जातो आणि त्याच्या मोरीचे पाणी इथल्या गटारात येते. शेजाऱ्याला जाणवणारा ताण खरा आहे तो यामुळे. पंधराव्या वित्त आयोगाने पंचायतींच्या निधीतला ६० टक्के भाग पाणी आणि स्वच्छतेलाच बांधून दिला. तेव्हा भाडेकरू नको, असे म्हणण्याऐवजी वाड्यातल्या दर बिऱ्हाडाला वेगळी जोडणी आणि वेगळी पाणीपट्टी मागितली, तर शेजाऱ्याचे पाणी वाचेल आणि पंचायतीच्या तिजोरीत भरही पडेल.

दुसरा आक्षेप मालकांचा: आज खोली दिली, उद्या तो निघालाच नाही तर? ही भीती हवेतून आलेली नाही. १९४७ च्या मुंबई भाडे कायद्याने भाडी १९४० च्या पातळीवर गोठवली. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या टंचाईत तो उपाय समजण्यासारखा होता, पण तो पन्नास वर्षे टिकला. इमारतींची डागडुजी थांबली, पागडी बोकाळली, आणि ‘भाडेकरू म्हणजे कायमचा पाहुणा’ ही समजूत मुंबईहून खेडोपाडी पोचली. आमच्या मराठवाड्यात हैदराबादचा १९५४ चा वेगळा भाडे कायदा होता, तरी गोष्टी सांगितल्या गेल्या त्या मुंबईच्याच. १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गोठवलेल्या भाड्याची ती तरतूद काळाच्या ओघात अवाजवी झाल्याचे म्हटले. पुढे ३१ मार्च २००० पासून महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा लागू झाला आणि हे जुने कायदे मोडीत निघाले. त्या कायद्याने वर्षाला चार टक्के भाडेवाढ दिली, करार लेखी आणि नोंदवलेला असावा अशी सक्ती केली, आणि ती जबाबदारी मालकावर टाकली. मुदत संपल्यावर जागा न सोडणाऱ्या परवानाधारकाकडून दुप्पट रक्कम वसूल करण्याची सोयही केली. म्हणजे कबजाची भीती अजून जिवंत असली, तरी तिचे मूळ आता कायद्यात कमी आणि तोंडी व्यवहारात जास्त आहे. आमच्याकडे खोली ‘बोलीवर’ दिली जाते. पावती नाही, करार नाही, अनामत किती ठेवली याची नोंद नाही. मग वाद झाला की मालकाकडे पुरावा नसतो आणि भाडेकरूकडेही नसतो. ज्याच्यामागे माणसे जास्त, तो जिंकतो. करार केला तर पैसे आणि हेलपाटे लागतात, हे मान्य. पण वीतभर बांधासाठी तहसीलला दहा खेपा घालणाऱ्या गावाला एका करारासाठी एक खेप जड जाऊ नये.

तिसरा आक्षेप उघड बोलला जात नाही, पण सुरुवातीच्या दुसऱ्या प्रश्नात तोच दडलेला आहे. ‘कुणापैकी?’ सुखदेव थोरात आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिल्ली परिसरात भाड्याच्या घरांच्या बाजाराचा अभ्यास करून २०१५ मध्ये तो प्रसिद्ध केला. पैसे, शिक्षण, नोकरी सारखी असूनही घर शोधणाऱ्या दलित आणि मुस्लिमांना नकार, जादा भाडे किंवा अटी वाट्याला येतात, हे त्यात दिसले. आपण म्हणू, ते दिल्लीचे. मग २०२३ मध्ये मुलुंडला एका मराठी बाईला केवळ ती मराठी म्हणून जागा नाकारल्याची बातमी आली, तेव्हा सारा महाराष्ट्र का पेटून उठला? तो राग रास्तच होता. तोच राग आपल्या गल्लीत, आपल्याच आडनावांच्या बाबतीत का येत नाही, एवढेच मला विचारायचे आहे. यावर उत्तर मिळते की घर माझे, मी कुणालाही देईन. मालकाला निवडीचा हक्क आहे, हे मी नाकारत नाही. भाडे वेळेवर देईल का, घर जपेल का, हे पाहण्याचा हक्क त्याला आहे. पण आडनावावरून यांतले काहीच कळत नाही. सुरक्षिततेची काळजी असेल, तर भाडेकरूची माहिती आणि ओळखपत्राची प्रत पोलीस ठाण्यात देण्याची पद्धत शहरांत केव्हाच रुळली आहे. आणि बाजारगावाने परक्याला भ्यावे, हे जरा गमतीचेच. बाजाराच्या दिवशी ज्याच्या हाती आपण पोते सोपवतो, तो संध्याकाळी गावात मुक्कामाला राहिला की संशयित कसा होतो?

आणखी एक म्हणणे असे की, सरकार घरकुल देते, मग भाड्याच्या घरांची गरजच काय? घरकुल योजनेचे मोल मी कमी लेखत नाही. प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण भागात सपाट प्रदेशात घराला १ लाख २० हजार रुपये मिळतात. पण ते ज्याचे गाव, ज्याची जागा, त्यालाच. चार महिने किंवा चार वर्षे राहायला आलेल्या माणसाचा त्यात विचारच नाही. २०२० मध्ये केंद्राने परवडणाऱ्या भाड्याच्या घरसंकुलांची योजना आणली, आणि २०२४ पासूनच्या शहरी आवास योजनेच्या दुसऱ्या टप्प्यातही भाड्याच्या घरांचा वेगळा घटक ठेवला. दोन्ही शहरांसाठी. जवळा बाजारची गरज शहरासारखी, पण कारभार ग्रामपंचायतीचा. त्यामुळे ते ग्रामीण आणि शहरी योजनांच्या मधल्या फटीत राहते. मोर्चेही मालकीच्या घरासाठीच निघतात. सोलापूरजवळ कुंभारीच्या माळावर रे नगर उभे राहिले, ३० हजार कामगारांसाठी, आणि त्यामागे नरसय्या आडम यांच्या नेतृत्वाखालचा दीर्घ लढा होता. भाड्याच्या खोलीसाठी असा लढा उभा राहत नाही, कारण भाडेकरू आज आहे, उद्या नाही. त्याचे नाव इथल्या मतदार यादीत नसते.

तरीही सरकारने नुसत्या खोल्या बांधून द्याव्यात, असे मी म्हणणार नाही. त्या वाटेवरचा धडा जुना आहे. १९२० च्या दशकात मुंबईत बीडीडी चाळी उभ्या राहिल्या, २०७ इमारती, एकेका खोलीचे क्षेत्र १६० चौरस फूट. पण कामगाराला भाडे आणि गिरणीपासूनचे अंतर परवडेना, म्हणून सुरुवातीला कित्येक खोल्या ओस पडल्या होत्या. केंद्राची २०२० ची योजनाही, आधीच्या योजनांतली एक लाखाहून जास्त शहरी घरे रिकामी पडली होती, ती भाड्याने द्यावीत या विचारातूनच सुरू झाली. गावाबाहेर माळावर बांधलेली स्वस्त खोली हमालाला महागच पडते, कारण पहाटे लिलावाला पोचायचे तर गाडीभाडे लागते. खोली बाजारापासून चालत जाण्याच्या अंतरावरच हवी.

बाजाराजवळ अशा खोल्या उभारण्याचा नमुना गावातच आहे. ग्रामपंचायती गाळे बांधतात, लिलाव करतात, अनामत घेतात, दरमहा भाडे लावतात. खाली गाळे आणि वर दहा-बारा खोल्या, प्रत्येकीला मोरी, नळ आणि विजेचे वेगळे मीटर, अकरा महिन्यांचा लेखी करार. यात पंचायतीला अनोळखी असे काहीच नाही. यावर लोक लगेच म्हणतील, गाळ्यांचीच थकबाकी वसूल होत नाही, खोल्यांची कोण करणार? हा आक्षेप मला सगळ्यांत अडचणीचा वाटतो. गाळे थकतात कारण ते गावातल्याच वजनदारांकडे असतात आणि निवडणुकीच्या तोंडावर कुणी कुलूप लावत नाही. खोलीचा भाडेकरू त्या मानाने हलका, म्हणून त्याच्याकडून वसुली होईलही. भीती उलटी आहे, की खोल्याही वजनदारच घेतील आणि चढ्या भाड्याने पुढे देतील. म्हणून खोली देताना कामाचा दाखला, तीन वर्षांची कमाल मुदत आणि पोटभाडेकरू आढळला तर करार रद्द, या तीन अटी ग्रामसभेतच वाचून मंजूर व्हाव्यात. एवढे करूनही कारभार बिघडू शकतो. पण आज जे चालले आहे, तोही बिघडलेलाच कारभार आहे. फक्त त्याची नोंद कुठल्या रजिस्टरात होत नाही.

हे आत्ता का, याचे उत्तर याच तालुक्यात आहे. औंढ्याजवळ गुरुत्वीय लहरी टिपणारी लायगो-इंडिया वेधशाळा उभी राहायची आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये तिला २,६०० कोटी रुपयांची अंतिम मंजुरी दिली. बांधकामाला गवंडी, वेल्डर, चालक लागतील, पुढे तंत्रज्ञ येतील. तालुक्यातल्या प्रत्येक बाजारगावात कुणी ना कुणी खोली विचारत येईल. तेव्हाही ते तीन प्रश्न विचारले जातील. त्यातला पहिला विचारायला हरकत नाही. अनोळखी माणसाचे गाव विचारणे ही आपली रीतच आहे. दुसरा सोडून द्यावा. तिसरा मात्र जरूर विचारावा, माणसं किती, आणि त्याचे उत्तर लिहून घेऊन ग्रामपंचायतीच्या टेबलावर ठेवावे, कारण तेवढ्या माणसांचे पाणी आणायचे काम तिचे आहे.