न विकण्याचा हक्क

ज्या इंग्रजी अर्थशास्त्रावर आम्ही वाढलो, त्यात मालकीची एक साधी खूण सांगितलेली असे: जी वस्तू आपणांस विकता येते, तीच आपली. मेक्सिकोच्या दक्षिणेकडील चियापास प्रांतातल्या माया वंशीय शेतकऱ्यांचे म्हणणे नेमके याच्या उलट आहे. आणि ते आमच्या मनातून जात नाही.

मेक्सिकोच्या १९१७ च्या राज्यघटनेतील २७ व्या कलमाच्या आधारे तेथील गावांस सामाईक जमिनी मिळाल्या. त्यांस 'एहिदो' म्हणतात. अशी जमीन कसावी, मुलांस द्यावी. विकू मात्र नये. १९९२ मध्ये सरकारने ते कलम बदलून विक्रीची वाट मोकळी केली. पुढे अमेरिका व कॅनडा यांच्याशी झालेला मुक्त व्यापाराचा करार १ जानेवारी १९९४ रोजी अमलात आला, आणि त्याच दिवशी 'झापातिस्ता' म्हणविणाऱ्या या शेतकऱ्यांनी सशस्त्र उठाव करून सान क्रिस्तोबाल व आणखी काही शहरे ताब्यात घेतली. १२ जानेवारीस सरकारने युद्धविराम पुकारला. १९९६ साली सान आंद्रेस येथे स्वायत्ततेचा करारनामाही झाला. पण तो पुरता पाळला गेला नाही.

कोणी म्हणेल, विकण्याची मुभा म्हणजे काही सक्ती नव्हे. खरे आहे. परंतु ज्याचे पीक बुडाले आहे आणि घरात मूल आजारी आहे, त्या कुणब्यास या दोहोंतील अंतर कितीसे जाणवत असेल?

हा वाद आपल्याकडेही झालेला आहे. साऱ्यापायी सरकारजमा झालेली जमीन रयतेस परत देताना ती परवानगीवाचून विकू नये, अशी शर्त घालण्याचा कायदा मुंबई सरकारने १९०१ साली आणला, तेव्हा फिरोजशहा मेहता व गोखले कायदेकौन्सिलातून उठून गेले. त्यांचे चुकले असे आम्हांस वाटत नाही. तेथे बंधनाची दोरी सरकारी अंमलदाराच्या हाती जाणार होती. चियापासच्या लोकांना ती गावाच्या हाती हवी आहे. बंधन दिसावयास एकच, पण एकाने रयत सरकारची मिंधी होते, तर दुसऱ्याने गाव शाबूत राहते.

महाराष्ट्रात आजही आदिवासींची जमीन सरकारी परवानगीवाचून इतरांस विकता येत नाही. हे बंधन सैल करावे, अशी सूचना जेव्हा जेव्हा पुढे येईल, तेव्हा ती कोणाच्या सोयीसाठी आली आहे हे आपण पाहावे. आणि पहिला शब्द त्या गावाचा असू द्यावा.