गाठींची मोजणी

उभी हयात मोजणी खात्यात गेलेल्या माणसाला निवृत्तीनंतर कुत्र्याचे अंग मोजण्याचा योग यावा ही गंमतच. परंतु आमच्या लॅब्रॅडोर जातीच्या बाजीने नववे वर्ष ओलांडले आणि त्याच्या अंगावर ठिकठिकाणी गाठी हाताला लागू लागल्या, तेव्हा पशुवैद्य डॉक्टरबाईंनी प्रथम फर्मावले ते हेच की, कागदावर कुत्र्याची आकृती काढून प्रत्येक गाठीचे स्थान आणि आकारमान तारखेनिशी नोंदवावे.

शेजारच्या जाणत्या मंडळींचा निवाडा तयारच होता: मऊ आहे, कातडीखाली सरकते, म्हणजे म्हातारपणाची चरबी, हळद लावा आणि विसरा. यात तथ्य नव्हते असे नाही. बगलेतील लिंबाएवढी गाठ, जिने घरादाराची झोप उडवली होती, ती खरोखरच चरबीची निघाली. कानामागचा करडा दाणा तर रक्त पिऊन टम्म फुगलेला गोचीड होता. डॉक्टरबाईंची नजर खिळली ती मांडीवरील वाटाण्याएवढ्या फुगवटीवर, जी माझ्या दप्तराप्रमाणे कधी वाढे, कधी ओसरे, आणि चाचपली असता जिच्याभोवतीची त्वचा लाल होऊन सुजे. तिला यापुढे बोट लावायचे नाही, अशी सक्त ताकीद मिळाली.

इंजेक्शनच्या साध्या सुईने, भूल न देता, त्यांनी गाठींतील द्रव्य ओढून काचपट्ट्यांवर पसरले. चरबीचा तेलकट थेंब काही केल्या सुकेना. मांडीवरच्या गाठीची पट्टी मात्र रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवताच जांभळ्या कणांनी ठासून भरलेल्या वाटोळ्या पेशी मलाही स्पष्ट दिसल्या. या मास्ट पेशी. पॉल एर्लिख या जर्मन शास्त्रज्ञाने १८७८ साली आपल्या प्रबंधात त्यांचे वर्णन केले. त्यांच्या कणांत हिस्टामीन साठलेले असते, गाठ दाबली की ते सुटते आणि सूज चढते. प्रसंगी जठरात व्रण होऊन ओकाऱ्या व काळी विष्ठाही होते. कुत्र्यांच्या त्वचेच्या कर्करोगांत या पेशींच्या अर्बुदाचा प्रकार वारंवार आढळतो, आणि तो चरबी, चामखीळ, कीटकदंश यांपैकी कशाचेही सोंग घेऊ शकत असल्यामुळे, बोटांच्या साक्षीवर कोणत्याही गाठीचा निकाल देऊ नये, असे डॉक्टरबाईंचे म्हणणे. सेंटिमीटरभर झालेली किंवा महिनाभर टिकलेली गाठ सुईने तपासावी. झपाट्याने वाढणारी, चिघळलेली, रक्ताळणारी, किंवा कुत्रा सतत चाटतो आहे अशी, तिला महिन्याची मुदतही देऊ नये.

शस्त्रक्रियेच्या वेळी वाटाण्याएवढ्या गाठीसाठी सभोवारची दोनतीन सेंटिमीटर निरोगी त्वचा आणि खालचा एक पापुद्रा काढावा लागला. हद्दीबाहेरची जमीन ताब्यात घेणे आमच्या खात्यात गुन्हा, येथे तीच सावधगिरी! प्रयोगशाळेचा अहवाल अनुकूल आला: कडा रोगमुक्त, अर्बुद सौम्य श्रेणीचे.

बगलेतील चरबीची गाठ तूर्त जागच्या जागी आहे. पुढचा पाय टाकताना ती अडू लागली तरच काढू, असे ठरले असून, दर महिन्याच्या पहिल्या रविवारी पट्टी घेऊन बसलो की बाजी आपण होऊन कुशीवर पडतो, अर्थात बिस्किटाची खातरजमा करून घेतल्यानंतरच.