कानाशी धरलेला फ्लोट

पद्मिनी गाडीला कोरा कार्बोरेटर मिळण्याचे दिवस केव्हाच सरले. कुर्ल्याचा तिचा कारखाना थांबला, आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सीही रस्त्यावरून उतरली. आता यवतमाळातल्या बाबांच्या गाडीला जो मिळेल तो कुणाच्या तरी गाडीत राबलेलाच. मला त्यात उणेपणा वाटत नाही. कोण किती राबलं, हे धातू लपवत नाही; फक्त ते वाचता आलं पाहिजे.

कुर्ल्याच्याच भंगार बाजारातून आलेला सोलेक्स कार्बोरेटर गॅरेजच्या मिस्त्रींनी फळीवर ठेवला. ॲसिडने धुऊन लखलखीत केलेला. त्या लखलखाटाकडे त्यांनी पाहिलंही नाही. "शाफ्ट हलवून पाहा, भाऊ." थ्रॉटलचा शाफ्ट बोटांत किंचित खुळखुळला. एवढ्याशा फटीतून जास्तीची हवा आत शिरते, मिश्रण पातळ होतं आणि गाडी स्लोवर चालू राहत नाही. सुमारे पंधरा भाग हवेला एक भाग पेट्रोल, वजनाने. सगळी करामत या हिशेबाची.

मग त्यांनी पितळी फ्लोट कानाशी धरून हलवला. आत पेट्रोल शिरलं असेल तर बारीक डुचमळ ऐकू येते. हा गप्प होता. जेटावर कोरलेला आकडा भिंगाखाली वाचला, भोक उजेडाशी धरलं. त्यात कुणी तार घातली असेल तर ते मोठं झालेलं असतं, आणि मग गाडी पेट्रोल पिते. शेवटी खालची फ्लँज काचेवर ठेवून ती वाकली नाही ना, हे तपासलं.

आमच्याकडे उन्हाळ्यात पारा पंचेचाळिशी गाठतो. पेट्रोलची नळीतच वाफ होते. म्हणून गाडीच्या इंधन-पंपावर ओलं फडकं टाकून दारव्ह्याचा रस्ता धरलेल्या कितीतरी गाड्या मी पाहिल्या आहेत. त्यात आता इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल. जुनं रबर त्यात फुगतं, म्हणून पंपाचा डायफ्राम त्याला टिकणाराच हवा.

मिस्त्रींनी शाफ्टचं झिजलेलं भोक रुंदावून त्यात पितळी बुश बसवला. शाफ्ट नीट फिरू लागला, खुळखुळ गेली. खरी नवी बांधणी ती हीच. पैसे मोजावेत ते या बुशाचे आणि तो बसवणाऱ्या हाताचे, चकाकीचे नव्हेत. या हाताला त्याची मजुरी घासाघीस न करता मिळाली, तरच गॅरेजातला पोरगा हे काम शिकायला शेजारी बसेल. आणि तो बसला, तरच या गाड्या चालतील.